सबनीस काकांच्या दिव्यांचं वाळवण

आमच्या ओट्याखालच्या कपाटात दह्याचे रिकामे डबे आहेत. एक टाकायला काढला की दोन वाढतात. दार उघडलं की अंगावर येतात, आणि एकाचं झाकण दुसऱ्याला दाबून बसवून आम्ही पोटलकनंतर, म्हणजे घरोघरून आणलेल्या जेवणानंतर, उरलेली भाजी वाटतो. किश्शांचंही तसंच आहे बघा. मुद्दाम कोणी जमवत नाही. शनिवारी सकाळी फिरायला निघावं, कोणीतरी "अरे, परवा काय झालं माहितीये?" म्हणावं, आणि चक्कर संपेपर्यंत एक नवा साठलेला असतो!

आम्ही म्हणजे मॉरिसव्हिलच्या एका सबडिव्हिजनमधली, म्हणजे वसाहतीतली, सहा-सात मराठी घरं. इथली सगळी घरं एकाच बिल्डरनं एकाच नकाशावर ठोकलेली. डावीकडे जिना, उजवीकडे किचन, समोर मागच्या अंगणात उघडणारं पॅटिओचं दार. आमचा प्रफुल्ल नागपूरचा. एकदा फोनवर मीटिंग करत करत तो माझ्या गराजसमोर येऊन पाच मिनिटं रिमोट दाबत बसला होता. मी बाहेर आलो तर मलाच म्हणाला, "उघडूनच नाही राहिलं बे!"

मी मिलिंद. या ग्रुपचा किस्सेवाला. माझा आवाज मोठा, नकला बऱ्या येतात, आणि शेवटच्या वाक्याआधी थांबून लोकांना तंगवायचं कसं तेही जमतं. माझे सगळ्यात जास्त चाललेले किस्से म्हणजे सबनीस काकांचे. पोटलकला, वाढदिवसाला, कुणाच्याही गृहप्रवेशाला फर्माईश यायची, "मिलिंद, सोलर काका होऊन जाऊ दे!" आणि मी होऊ देत असे.

आज तेच पुन्हा सांगतोय, पण मान खाली घालून. कारण त्या किश्शांपायी काका-काकूंचं राहतं घर सुटायची वेळ आली होती, आणि ती आणणारा मी होतो.

*

सबनीस काका पंचेचाळीस वर्षांपूर्वी सांगलीहून इथे आले. इलेक्ट्रिकल इंजिनियर. इथल्या वीज कंपनीत हयात गेली. रिटायर झाल्यावर म्हणाले, "जन्मभर लोकांच्या घरात वीज पोचवली. आता आपल्या घरात उजेड उन्हाचा."

छपरावर पॅनेल लावायला माणूस बोलावला. त्यानं घरामागची उंच पाइनची झाडं पाहिली, मान हलवली आणि गेला. दुसरा कोणी असता तर विषय संपला असता. काकांनी चौदा सोलर दिवे मागवले. तळहाताएवढा एक, वर काळी काच, खाली बल्ब, धरायला कडी. नियम एकच, अंधार पडला की भिंतीवरच्या बटणाला हात लावायचा नाही. "फ्रीज, एसी, शेगडी, ते कंपनीचं. उजेड आपला!"

आता चौदा दिव्यांना ऊन दाखवायचं कुठे? तर ड्राइव्हवेवर! सकाळी काकू जुनी चादर पसरायच्या, त्यावर ओळीनं दिवे मांडायच्या, कुरडया घालाव्यात तसे. काका टोपी घालून शेजारी खुर्ची टाकून बसायचे, हातात काठी. पाइनची सावली सरकत आली की काठीनं चादर पुढे ओढायची. काकू आतून ओरडायच्या, "अहो, डावीकडच्यांना ऊन लागतंय का?"

पहिल्याच आठवड्यात शेजारची कॅरोल आली. बाई एकटी राहते, झाडांना पाणी घालते, सगळ्यांशी गोड बोलते. तिला वाटलं गराज सेल आहे. एक दिवा उचलून म्हणाली, "हाऊ मच?"

काका गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "प्लीज पुट हिम बॅक. ही इज हॅविंग लंच."

*

त्यांच्याकडे जेवायला जायची एक वेगळीच गंमत. दारात चपला काढल्या की काका प्रत्येकाच्या हातात एकेक दिवा द्यायचे. "हा तुझा. बाथरूमला जाताना घेऊन जा, येताना विसरू नकोस."

पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रफुल्लनं त्या उजेडात काकडीची कोशिंबीर समजून वाटीभर खोबऱ्याची चटणी खाल्ली, आणि संकोचानं पुन्हा मागूनही घेतली!

पण खरी मजा निघताना. आपलं मराठी माणसांचं "चला, निघतो" तुम्हाला माहितीये. सोफ्यावर वीस मिनिटं, दारात वीस मिनिटं, गाडीत बसून काच खाली करून आणखी वीस. काकांकडे तसं चालायचं नाही. हॉलमधला दिवा मंद व्हायला लागला की काका हात जोडून उभे राहायचे.

"दिवा दमला. आता तुम्ही निघा."

अर्चना, म्हणजे माझी बायको, गाडीत म्हणाली, "आपण पण एक घेऊ या रे. तुझ्या मित्रांसाठी."

*

एप्रिलमध्ये आमच्याकडे पाइनचा पराग पडतो. गाड्या, बाकं, कुत्री, सगळं पिवळं होतं. ड्राइव्हवेवरच्या दिव्यांचं काय होणार? चौदाच्या चौदा पिवळेधमक!

शनिवारी फिरताना पाहिलं तर प्रत्येक पिवळ्या काचेवर मधोमध कुंकवाचं बोट.

"काका, हे काय?"

काका एक क्षण त्या दिव्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, मीच लावलं. हळद झाली, मग कुंकवावाचून बरं दिसतं का?"

आम्ही हसून हसून फुटपाथवर बसलो. घरी येईपर्यंत मी त्याला चाल लावून टाकली होती. पहिलं अर्धं मिनिट पराग, मग शिंका, मग कुंकू.

*

आता अवसेचा. हा माझा हुकमी.

आषाढातली दिव्यांची अवस. आपल्याकडे त्या दिवशी घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, पूजा करतात, कणकेचे गोड दिवे करतात. काकूंचं घर म्हणजे समया, निरांजनं, सगळं साग्रसंगीत. आम्ही संध्याकाळी कणकेचे दिवे खायला गेलो तर पाटावर समया लखलखत होत्या, आणि त्यांच्या भोवती चौदा सोलर दिवे. चिंच लावून, तारेच्या घासणीनं घासून, बादलीत बुडवून काढलेले! काचांवर ओरखडे, आत पाणी, आणि तीन तर कायमचे गेलेले.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"मी," काका म्हणाले. "अवस होती. दिवे म्हणजे दिवे. हात चालत गेला."

विचार करा! जन्मभर विजेच्या कंपनीत नोकरी केलेला इंजिनियर, आणि बॅटरीचे दिवे चिंचेनं घासतो!

मेलेल्या तिघांच्या जागी नवे आले. पुढच्या शनिवारी गेलो तर पुन्हा चौदा दिवे चादरीवर उलटे टाकून पाणी निथळत होतं.

"काका, अवस दोनदा?"

"यंदा अधिक आहे असं समज," काका म्हणाले.

हे वाक्य मी कुठे कुठे वापरलं असेल याला गणती नाही.

*

मग फ्रीजरचा. हा छोटा आहे. अर्चनानं काकूंना मदत म्हणून मटार काढायला फ्रीजर उघडला, तर मटाराच्या पिशवीवर दिवा. पेटलेला!

काका लगबगीनं आले. "मीच ठेवला. उन्हातून तापून आला होता. बॅटरी गार राहिली की टिकते."

"मग मटार उजेडात टिकतात का?" अर्चनानं विचारलं.

काकूंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "यांचं काही सांगता येत नाही बाई. परवा चष्मा शोधत होते, तोही असाच कुठेतरी ठेवलेला."

*

गणपतीत आमच्या मंडळाचा कार्यक्रम असतो. हायस्कूलचा हॉल भाड्यानं घेतात. नाटुकली, नाच, आणि मध्ये पंधरा मिनिटं मी. विषय अर्थातच ठरलेला. डोक्यावर टोपी, हातात काठी, समोर टेबलावर चौदा पेपर कप. पराग, कुंकू, चिंच, फ्रीजर, सगळे ओळीनं. हॉल नुसता कोसळत होता.

काका-काकू पहिल्या रांगेत. काका इतके हसत होते की शेजारच्यानं त्यांना पाणी दिलं. काकू मला अंगठा दाखवत होत्या, आणि मागच्यांकडे वळून सांगत होत्या, "अगदी असंच करतात हो हे!"

कोणीतरी व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो मंडळाच्या ग्रुपवर, तिथून न्यू जर्सीला आयसेलिनच्या कुणाच्या तरी मावशीकडे, आणि तिथून ओहायोत डब्लिनला. डब्लिनला काकांचा एकुलता एक मुलगा राहतो, निखिल.

लोक मला रस्त्यात थांबवून सांगत होते, "भारी केलंत!" आणि मी, मूर्ख माणूस, मान डोलवत होतो.

*

मंगळवारी लंचला गाडीत बसून डबा खात होतो. फोन आला.

"मिलिंद अंकल, निखिल हिअर. तुम्ही व्हिडिओमध्ये जे सांगितलं, इज ऑल ऑफ इट ट्रू?"

कलाकाराला असा फोन आला की काय होतं तुम्हाला माहितीये. मी म्हणालो, "अरे शंभर टक्के! मीठमसाला माझा, पण माल अस्सल!"

"ओके," तो म्हणाला. मग त्यानं वाचायला सुरुवात केली. त्यानं व्हिडिओ बघून यादी केली होती. "वन. पुट रेड पावडर ऑन द लाइट्स. टू. वॉश्ड देम इन अ बकेट. ट्वाइस. थ्री. लाइट इन द फ्रीजर. लॉस्ट ग्लासेस."

माझेच किस्से. एकाच सुरात, एकापाठोपाठ एक, कुठेही न थांबता. हसू यावं असं त्यात काहीच नव्हतं. एवढं ऐकूनही माझी ट्यूब पेटली नाही. मला वाटलं पोरगा रुक्ष आहे, याला रंगवून सांगता येत नाही. मी म्हणालो, "अरे, एक राहिलाच! हा नवा आहे, परवाचाच!"

आणि मी सांगितला. त्यांच्या मेलबॉक्समध्ये पोस्टमनला दिवा सापडला होता. लाल झेंडी वर केलेली, म्हणजे टपाल न्यायचं आहे अशी खूण. पोस्टमननं बेल वाजवली, तर काका म्हणाले, "राहू दे, राहू दे. मीच ठेवला. ओहायोला मुलाला थोडा उजेड पाठवत होतो!"

मी हसलो. पलीकडून टाइप केल्याचा टकटक आवाज आला.

"फोर," निखिल म्हणाला. "मेलबॉक्स."

डबा माझ्या मांडीवर तसाच होता. मी त्याचं झाकण लावून टाकलं.

निखिल सांगत होता. त्यानं आपल्या घराजवळ एक जागा पाहून ठेवली आहे, वयस्कर लोकांसाठीची. दोन आठवड्यांनी तो येणार, वडिलांशी बोलणार, आणि स्प्रिंगमध्ये मॉरिसव्हिलचं घर विकायला काढणार. बाबांना आता घर सांभाळणं जमणार नाही, हे त्याला पटलं होतं. शेवटी म्हणाला, "थँक यू, अंकल. बाकी सगळे म्हणतात बाबा फाइन आहेत. यू आर द ओन्ली वन हू टोल्ड मी द ट्रुथ."

त्या 'थँक यू'नं जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

*

ऑफिसातून लवकर निघालो आणि सरळ काकांकडे गेलो. ते खुर्चीवर बसले होते. ऊन कलत आलं होतं. मी चादरीच्या कडेला खालीच बसलो आणि सगळं ओकून टाकलं. फोन, यादी, मेलबॉक्स, घर. म्हणालो, "काका, माफ करा. मी हसवायला सांगत होतो. तुमची बदनामी करावी असं मनात नव्हतं."

काकांनी काठीनं चादर थोडी पुढे ओढली.

"त्याची यादी बरोबर आहे," ते म्हणाले. "फक्त नाव चुकलंय."

मला कळलं नाही.

"अरे, मी नाही. ती."

आत किचनमध्ये काकू भांडी लावत होत्या. गुणगुणत होत्या.

काका खालच्या आवाजात सांगत गेले. दीड वर्षापासून. डॉक्टरांना दाखवलंय, औषध चालू आहे. तिला कधी कधी कळतं, आणि कळलं की दिवसभर रडते. म्हणून कळू द्यायचं नाही. कुंकू तिनं लावलं. चिंच तिनं लावली, दोन्ही वेळा. फ्रीजर, मेलबॉक्स, सगळं तीच. "कोणी विचारलं की तिचा चेहरा बघवत नाही रे. म्हणून मीच पुढे होऊन म्हणतो, मी केलं."

मला अवसेची संध्याकाळ आठवली. कणकेचा दिवा माझ्या ताटात वाढताना काकूंची बोटं चिंचेनं काळपट झालेली होती. मी ती पाहिली होती. पाहिली, आणि वर तूप मागितलं होतं.

"पण मग मला कशाला सांगत होतात?" मी विचारलं. "दर शनिवारी तुम्हीच तर सांगायचात!"

"लोक बघणारच. कॅरोल बघते, पोस्टमन बघतो. कोणीतरी काहीतरी बोलणारच. म्हटलं, बोलायचंय तर माझ्यावर बोला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तुझ्या तोंडी दिलं की अख्ख्या मॉरिसव्हिलला पोचतं. दुसऱ्या कोणाला सांगायची गरज पडत नाही."

मारलं असतं तर बरं झालं असतं.

"निखिलला खरं सांगून टाका ना."

"सांगणार आहे. पण आज सांगितलं तर उद्या घेऊन जाईल. पोरगा वाईट नाही, घाबरट आहे." त्यांनी दिव्यांकडे हात केला. "हे बघ. रोज संध्याकाळी ती हे एकेक आत नेते. चौदा दिवे, चौदा जागा. ओट्यावर एक, जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक, देवापाशी एक, तिच्या उशाशी एक. माझं नाव परवा विसरली होती. पण दिव्याची जागा अजून एकदाही चुकलेली नाही. नव्या घरात तिला कुठला दिवा कुठे ते कोण सांगणार?"

तेवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या. "अगंबाई, मिलिंद! खाली काय बसलास? अहो, तिन्हीसांजा झाल्या, दिवे आत घेऊ ना?"

एकेक दिवा त्यांनी आत नेला. मी दारातून बघत होतो. चौदावा उशाशी ठेवून बाहेर आल्या, पेटलेल्या दिव्याला करतो तसा नमस्कार केला, आणि मलाही म्हणाल्या, "कर रे."

मी केला.

*

दोन आठवड्यांनी निखिल आला. रविवारी सकाळी काकूंनी सगळ्या ग्रुपला चहा-पोह्यांना बोलावलं. काका खुर्चीत, निखिल समोर, प्रफुल्ल आणि अर्चना सोफ्यावर, काकू आत-बाहेर.

पोहे खाऊन झाल्यावर निखिलनं फोन काढला. त्याला बिचाऱ्याला साक्षीदार हवा होता. म्हणाला, "मिलिंद अंकल, तुम्ही मला सांगितलं ते प्लीज सगळ्यांसमोर सांगा. बाबा माझं ऐकत नाहीत."

खरं सांगावं तर काकू बशा गोळा करत समोर उभ्या. गप्प बसावं तर घर जातंय. मी काकांकडे पाहिलं. ते कपात बघत होते.

"निखिल," मी म्हणालो, "ते सगळं मी रचलेलं आहे."

"व्हॉट?"

"काकांनी त्यातलं काहीही केलेलं नाही. मी हशा मिळवायला खोटं सांगत होतो. फोनवर पण खोटंच बोललो."

प्रफुल्ल म्हणाला, "काहीही काय बे! तो कुंकवाचा?"

"रचलेला."

"अन् मेलबॉक्सचा?"

"तोही."

अर्चना माझ्याकडे बघत होती. फ्रीजरमधला दिवा तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. मी मनात म्हणालो, बाई, आता काही बोलू नकोस. ती बोलली नाही. पण त्या नजरेत जे होतं ते वीस वर्षांच्या संसारात मी कधी पाहिलं नव्हतं.

निखिलचा चेहरा लाल झाला. "तुम्ही माझ्या वडिलांबद्दल खोटं बोललात? फॉर लाफ्स? मी पंधरा दिवस झोपलो नाही!"

"हो," मी म्हणालो. "लाज वाटते मला." हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

मला वाटलं, सुटलो. तर काकू बशा हातात धरून तिथेच उभ्या. कपाळाला आठ्या.

"म्हणजे यांनी केलं नाही?" त्या म्हणाल्या. "मग माझे दिवे धुतले कोणी?"

काकांनी कप खाली ठेवला. काकू एकेकाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत ते हळूहळू वर यायला लागलेलं मला दिसलं.

"मी, काकू!" मी ओरडलोच. "मीच धुतले. मदत करायला आलो होतो अवसेच्या दिवशी. चिंच लावून घासले. तुम्ही ओरडाल म्हणून काकांचं नाव सांगितलं."

काकूंनी बशा टेबलावर आपटल्या.

"तरीच म्हटलं! एवढा शिकलेला माणूस, आणि बॅटरीचे दिवे बुडवतोस पाण्यात? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? तीन दिवे मारलेस माझे!" अशा पाच मिनिटं मला झापत होत्या. इतक्या खणखणीत, इतक्या सरळ, की निखिलसुद्धा त्यांना "आई, इट्स ओके, इट्स ओके" म्हणायला लागला.

काकांनी उरलेला चहा संपवला.

*

घर विकायला निघालं नाही.

माझं मात्र ग्रुपमध्ये कठीण झालं. मी तोंड उघडलं की प्रफुल्ल विचारायचा, "खरं सांगून राहिला का रचून?" पुढच्या गणपतीत माझी पंधरा मिनिटं एका जादूगाराला दिली. अर्चनाला त्याच दिवशी घरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी का नाही दिसलं रे आपल्याला?" तिचं 'आपल्याला' ऐकून मला रडू आलं.

निखिल आठ महिने माझ्याशी बोलला नाही. मग काकांनीच त्याला फिरायला नेऊन खरं सांगितलं. आता तो महिन्यातले दोन आठवडे इथे राहून काम करतो. हल्ली सकाळी चादर तो पसरतो.

आणि परवा काका मला म्हणाले, "लिही आता. ती हल्ली वाचत नाही. ग्रुपला कळलं तरी चालेल."

म्हणून लिहिलं. तर मंडळींनो, गेल्या दीड वर्षात मी तुम्हाला माझ्या वेंधळेपणाचे जे किस्से सांगितले, ते दर शनिवारी चक्कर सुरू व्हायच्या आधी काका मला ड्राइव्हवेवर सांगायचे. मी फक्त 'मी' म्हणायचो.

त्यातला सगळ्यात चांगला शेवटी ठेवलाय. मागच्या शनिवारी तुम्हाला सांगितला होता, तसाच पुन्हा सांगतो.

*

अरे, परवा मी काय केलं माहितीये?

गेलो काकांकडे. तिन्हीसांजेची वेळ. म्हटलं दिवे आत घेऊ. काका अंगणात मागे होते. चौदा दिवे चादरीत बांधले, गाठोडं उचललं, आणि शिरलो घरात. दार उघडंच होतं. डावीकडे जिना, उजवीकडे किचन. ओट्यावर एक ठेवला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक. कोपऱ्यात देव असतात तिथे टीव्ही होता, त्याच्यापुढे एक. वर जाऊन उशाशी एक. चौदाच्या चौदा, जिथल्या तिथे!

खाली आलो तर सोफ्यावर कॅरोल बसलेली. अरे, कॅरोलचंच घर ते! ती झाडांना पाणी घालून आत आली होती, आणि बघतच बसली होती.

मी विचारलं, "बसा ना. चहा घेणार?"

ती म्हणाली, "येस, प्लीज."

मग मी तिच्या किचनमध्ये चहा केला. डबे सापडेनात, तर कुठे काय आहे ते ती सोफ्यावरून हळूच सांगत होती. कप तिच्या हातात दिला. दोघं बसलो, दिव्यांच्या उजेडात. तिनंही भिंतीवरचं बटण लावलं नाही. सगळा चहा संपवला. मग मी तिला म्हणालो, "पुन्हा या हं."

"मग?" प्रफुल्लनं विचारलं. "कॅरोल काय म्हणाली?"

ती उठली. तिच्याच दारापाशी गेली. तिथे थांबून माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि म्हणाली, "थँक यू. यू हॅव अ लव्हली होम."